वाढलेला तारा

अंकुश, आपली पाळी येऊन गेली.

तुझ्या तेराव्याची तयारी चालली होती. मी उमापूरला तुमच्या अंगणात बायकांबरोबर गहू निवडत बसले होते आणि मांडीवरचा फोन वाजला. उपग्रहवाल्यांचा मेल होता. तुमचं निरीक्षण पूर्ण झालं आहे, डेटा उतरवून घ्यावा. वर तुझं नाव, अगदी आदरानं घातलेलं. त्यांना काय माहीत. शेजारच्या काकूंनी विचारलं, "कुनाचा गं?" मी म्हटलं, "कामाचा." फोन पालथा घातला आणि पुन्हा खडे वेचायला लागले. एवढी मोठी बातमी होती आणि ती ज्याला सांगायची तो एकच माणूस होता.

तुला अरे-तुरे करतेय ते कागदावर. उमापूरच्या उंबऱ्याच्या आत मी कायम तुला 'अहो' म्हटलं. गेवराईचा स्टँड मागे पडला की 'अहो'चा 'अरे' व्हायचा आणि तू मला 'बे' म्हणायला लागायचास. बायकोला बे म्हणणारा नवरा सगळ्या मराठवाड्यात तू एकटाच असशील. आता मला कुणी बे म्हणणार नाही. हे इतकं क्षुल्लक आहे, आणि रडायला मला नेमकं याच्यावरच येतं.

आपलं भांडण पुण्यात सगळ्या इन्स्टिट्यूटला पाठ होतं. एक फुटलेला तारा, त्याचा पसरत चाललेला अवशेष, आणि प्रश्न एवढाच की मधोमध काही उरलं आहे का. असा तारा फुटला की कधीकधी त्याचा गाभा मागे राहतो, गेवराई तालुक्याच्या पोटात मावेल एवढा आणि वजनाला सूर्याला भारी. तू म्हणायचास, आहे. मी म्हणायची, नाही. जुन्या निरीक्षणात मधोमध क्ष-किरणांचे चार कण आजूबाजूपेक्षा जास्त पडलेले होते, तेवढ्या ठिपक्यावर तुझा सगळा जीव. मी म्हणायची, गर्दीत ओळखीचं माणूस दिसल्याचा भास होतो तसं आहे हे. तू म्हणायचास, "भास न्हाई बे. बसलंय तिथं. गप बसलंय." भाजी चिरताना हे भांडण, लग्नाच्या पंगतीत हे भांडण. तुझ्या चुलतबहिणीच्या हळदीत आपण एवढ्या तावातावानं बोलत होतो की पाहुण्यांना वाटलं शेताच्या वाटणीवरून चाललंय.

लोकांना वाटायचं आपण रात्र रात्र दुर्बिणीला डोळा लावून बसतो. तू तर साडेनऊला घोरायला लागायचास. क्ष-किरण जमिनीपर्यंत पोचतच नाहीत, हवा त्यांना वरच अडवते. म्हणून डोळा वर नेऊन ठेवायचा आणि आपण खाली पंख्याखाली बसून फायली उघडायच्या. फुटलेल्या ताऱ्याचा वायू हजारो वर्षं इतका तापलेला राहतो की साध्या उजेडात त्याचा फारसा पत्ता लागत नाही, क्ष-किरणांत लागतो. त्यात सिलिकॉन कुठे, गंधक कुठे, लोखंड कुठे, हे निवडत बसायचं. आपण दोघं यावर जगलो.

गावात मात्र एवढंच पोचलं होतं की तात्यांचा अंकुश एक्सऱ्याचं काम करतो. तुझ्या वडिलांना सगळं गाव तात्या म्हणतं, दूध सोसायटी त्यांनीच उभी केली. त्यामुळे तात्यांच्या मुलाला नुसतं एकदा दाखवून यावं म्हणून लोक आपली हाडं घेऊन यायचे. आपण सुट्टीला गेलो की दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर मोठमोठी पाकिटं घेतलेली माणसं बसलेली असायची. कुणाचा गुडघा, कुणाची छाती. मला संताप यायचा. तू फिल्म सूर्याकडे धरून बघायचास आणि म्हणायचास, "मामा, हाड जुळल्यावानी दिसतंय, पर डाक्टरला दाखवूनच या." मी आत बोलावून झापलं तर म्हणालास, "एवढ्या लांबून आलाय मानूस. नुसतं बघायला काय जातंय?" कुणाला नाही म्हणणं तुला जमायचंच नाही. ते तू घरातून घेतलं होतंस.

कारण त्या घरात 'नाही'ला जागाच नव्हती. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत डब्यात बघून मी म्हटलं, तांदूळ संपले. आत्याबाईंनी, म्हणजे तुझ्या मायनं, माझ्या तोंडावर हात ठेवला. "सरलं, संपलं म्हनू ने लेकी. तांदूळ वाढले म्हनावं." हे मला केजला माझ्या आईनंही शिकवलं होतं, पण आमच्याकडे ते बांगडीपुरतं आणि नारळापुरतं होतं. तुमच्याकडे सगळंच वाढायचं. तेल वाढायचं, कपबशी वाढायची, चपलेचा अंगठासुद्धा वाढायचा. त्याच दिवशी जेवताना तात्यांनी विचारलं की तुम्ही दोघं नेमकं करता काय, आणि तू भाकरीचा तुकडा हातात धरून समजावायला लागलास. "तात्या, मोठा तारा आसतो, त्यो एक दिवस फुटतो."

"फुटतो म्हनू ने," आत्याबाई तव्यावरून म्हणाल्या. "तारा वाढला म्हनावं."

तुला ठसका लागला. पाणी पिऊन पुन्हा हसलास, पुन्हा ठसका. कारण तो खरोखरच वाढतो ना. फुटल्यावर चहूकडे पसरत जातो, वर्षानुवर्षं, अजून वाढतोय. आत्याबाईंना कळेना की पोराला झालं काय. त्या म्हणाल्या, "हसन्यासारखं काय हाय? फुटलं म्हनलं की घर फुटतं." त्यानंतर आपल्या दोघांत तो शब्द रुळला. बैठकीतसुद्धा तू माझ्या कानात म्हणायचास, "हा कधी वाढला म्हणे?"

त्या शब्दानं केजला आपली काय फजिती केली ते आठवतं? माझ्या जुन्या कॉलेजात तुझं व्याख्यान ठेवलं होतं आणि फळ्यावर तू हौसेनं विषय लिहायला लावलास, 'वाढलेले तारे'. ते दुष्काळाचं वर्ष होतं. ही गोष्ट बाजारात गेली आणि तिथे तिचा अर्थ असा झाला की आकाशात तारे वाढलेत आणि पुण्याचा माणूस पावसाचं सांगणार आहे. हॉल भरला. मागच्या भिंतीला धोतरवाली माणसं उभी. तू सिलिकॉनच्या रेषा दाखवल्यास, लोखंड दाखवलंस, आपल्या रक्तातलं लोखंड असल्याच ताऱ्यांतून आलंय असं सांगितलंस. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. शेवटी एक म्हातारा उठला. "सायेब, त्यो तारा वाढला ते बरं झालं. पर औंदा मिरग कसा हाय?"

पोरं हसली. तू म्हणालास, "काका, मिरगाचं मला कळत आसतं तर मीच आधी पेरलं नसतं का?" म्हाताराही हसला. परतताना जीपमध्ये मात्र तू म्हणालास, "लई आशेनं आलते बे लोक." मी म्हटलं, गैरसमजानं आले होते. तू म्हणालास, "आशेनं आलते." हेही आपलं भांडण राहिलंच.

तू नुसता गोड नव्हतास. कपाटाचं दार कधी लावलं नाहीस, उसनी पुस्तकं परत दिली नाहीस, आणि हरायला लागलास की आवाज बारीक करून शहाण्यासारखा बोलायचास, ते मला फार लागायचं. पण माझं एकही लिखाण तू नीट न वाचता जाऊ दिलं नाहीस. तुझी रीत अशी की माझं इंग्रजी वाक्य मोठ्यानं उमापूरच्या बोलीत म्हणून बघायचं. बोलीत आणल्यावर ते पोकळ निघालं तर खोडायचं. मी चिडायची. माझी कितीतरी वाक्यं तू अशी मारलीस आणि त्यामुळे माझे निबंध आज उभे आहेत. हे तुला तोंडावर कधी म्हटलं नाही, कारण म्हटलं असतं तर महिनाभर मिरवला असतास.

यंदा पुन्हा पाऊस गेला. कारखान्याला ऊस नव्हता म्हणून भोंगा वाजला नाही, आणि सोसायटीत सकाळी जवळजवळ रिकाम्या कॅनमध्ये दुधाचा आवाजही घुमायला लागला. तरी तात्या रोज वेळेवर कुलूप काढून बसायचे. मग सोसायटीनं जनावरांसाठी चारा छावणी घातली आणि तात्यांना ते झेपेना. तू रजा टाकलीस. मी तुझ्याच बोलीत विचारलं, "कावून चाललास? तिथं तू काय करनार हायस?" तू म्हणालास, "टँकर आला की पाइप धरीन. दुसरं काय येतंय मला."

तिथून तुझा तो फोन आला. उपग्रहाचा वेळ आधी आपल्याला नाकारला होता, या वेळी मिळाला होता आणि निरीक्षणाचा आठवडा ठरल्याचं कळलं होतं. तुमच्याकडे कॅनॉलचं पाणी पाळीनं मिळतं, तसा हाही वेळ पाळीनंच मिळतो. सगळ्या जगातून अर्ज, ज्याची पाळी लागेल त्याच्याकडे दुर्बीण वळणार. तू हसत सांगत होतास, "तात्यांना म्हनलं, आपली पाळी लागली. तात्या उठूनच उभे ऱ्हायले. म्हनले, कॅनॉल सोडला का काय? म्हनलं, न्हाई तात्या, ताऱ्याची पाळी. तर परत खाली बसले." मागे जनावरं हंबरत होती. मी म्हटलं, आता तुझा ठिपका जाणार. तू म्हणालास, "हाय त्यो." मी म्हटलं, "नाहीये." तू म्हणालास, "बघच बे."

हे आपलं शेवटचं बोलणं. कुणी विचारलं तर काय सांगू? शेवटी नवरा काय बोलला, तर आहे म्हणाला. बायको काय म्हणाली, तर नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी टँकरचा पाइप हातात असताना तू खाली बसलास. घाम आला, छातीत कळ आली, उन्हाचं असेल म्हणालास. जीपमध्ये घातलं तेव्हा तात्यांनी तुझं डोकं मांडीवर घेतलं होतं. गेवराई यायच्या आत तू गेलास. तात्या मला एवढंच सांगू शकले, "पाइप सोड म्हनलो तर सोडना. म्हनला, पानी वाया जाईल."

मी पोचले तेव्हा बायका वाट बघत होत्या. माझ्या हातात आत्याबाईंनीच संक्रांतीला भरलेल्या हिरव्या बांगड्या होत्या. एका म्हातारीनं माझा हात धरला आणि हळू आवाजात म्हणाली, "वाढव लेकी. बांगड्या वाढव." आणि अंकुश, मला तो ठसका आठवला. तुझं पाणी पिऊन पुन्हा हसणं आठवलं. माझ्या तोंडातून हसू फुटलं, दाबलं तरी दबेना. बायकांनी एकमेकींकडे बघितलं. त्यांना वाटलं, हिचं डोकं फिरलं. फिरलंच असेल. काचा अंगणात पडल्या आणि मी तोंडाला पदर लावून हसत होते आणि त्यातून रडायला कधी लागले ते मला कळलं नाही.

तिसऱ्या दिवशी राख सावडली. गोदावरीत सोडायची म्हणून जीप केली, मीही चढले, कुणी अडवलं नाही. नदी कसली, नुसती वाळू. वाळूत खड्डे खणून बायका वाट्यावाट्यांनी पाणी उपसून घागरी भरत होत्या. आपल्या लोकांनीही एक खड्डा खणला. तळाला पाणी जमायला लागलं, गढूळ, ओंजळभर. गुरुजी म्हणाले, चालेल. तात्या त्या खड्ड्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "हितं सोडायचं न्हाई. लोक पितेत हे." गुरुजी काही बोलायला लागले तर तात्या ओरडले. मी त्यांना कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. "पितेत म्हनलो ना!"

तर तू अजून गावाबाहेरच्या लिंबाला टांगलेला आहेस. मडक्यात, पांढऱ्या फडक्यात बांधून. नदीला पाणी आलं की बघू म्हणालेत. जाता-येता लोक हात जोडतात. आयुष्यभर मी अवशेषांवर लिहिलं, आणि त्या झाडाखाली मला दोन मिनिटं उभं राहवलं नाही.

तेरावं झालं, पुण्याला आले. घराचं कुलूप काढलं, तुझ्या कपाटाचं दार उघडंच. डेटा उतरवला. मला कबूल करायला लाज वाटत नाही, मी देवापुढे दिवा लावून फाइल उघडली. मी, जी तुझ्याशी इतकी वर्षं 'नाही' म्हणून भांडले, तिनं हात जोडून म्हटलं, असू दे. एक ठिपका असू दे. मला हरव.

आधी गाळणी लावली, सौरकणांचा कचरा काढला, चित्र जोडलं. काय देखणं आलंय रे. सिलिकॉनची कड, गंधकाचे पदर, लोखंडाचा तो एक बाहेर निसटलेला झुबका. जुन्या चित्रावर नवं ठेवून बघितलं तर कड बाहेर सरकलेली. मोजता येईल इतकी. वाढलाय.

मधे काही नाही.

तुझे ते चार कण खरे असते तर एवढ्या लांब चाललेल्या निरीक्षणात त्यांचा ढीग पडायला हवा होता. आजूबाजूला जेवढं आहे तेवढंच तिथे. मी तुझ्या बाजूनं भांडले माझ्याशी. तू म्हणायचास ना, दिसत नाही म्हणजे थंड असेल, म्हणजे गप बसला असेल. मी त्याला तुझी पळवाट म्हणायची. आता त्याच पळवाटेनं मी सारखी धावतेय. ऊर्जेचे पट्टे बदलले, गाळण्या बदलल्या, पुन्हा सगळं पहिल्यापासून केलं. मधली जागा तशीच. मी जिंकले, अंकुश, आणि हे सांगायला घरात कुणी नाही. ज्याला हरवलं तो गेला तर जिंकण्याचं करायचं काय? सकाळी उठून काय करायचं तेच मला कळत नाही. चहा दोघांचा टाकते आणि एक कप ओतून देते. लोक म्हणतात, कामात मन रमव. आणि माझं काम काय, तर ती रिकामी जागा.

निबंधाचं ते वाक्य लिहिलं. इंग्रजीत सोपं असतं, मध्यभागी कोणताही स्रोत आढळला नाही. मग तुझ्या रीतीनं मोठ्यानं म्हणून बघितलं, उमापूरच्या बोलीत. मधी काय बी घावलं न्हाई. वाक्य पोकळ निघालं नाही. खोडायचं काही कारण सापडलं नाही.

काल सकाळी आत्याबाईंचा फोन आला. तू त्यांना कधीतरी सांगून ठेवलं असशील, कारण त्या थेट म्हणाल्या, "सुनंदे, ते आलं का गं? अंकुश म्हनत हुता, मधी काहीतरी हाय म्हून. घावलं का?"

मी खिडकीत उभी होते. त्या घरात जे म्हणायचं नसतं ते मला म्हणता येईना, आणि खोटंही बोलता येईना. मी म्हटलं, "वाढलं, आत्याबाई."

पलीकडून तात्यांचं खोकणं ऐकू आलं, बादलीचा आवाज आला. मग तुझी माय, जिनं एका शब्दासाठी माझ्या तोंडावर हात ठेवला होता, ती म्हणाली, "वाढलं म्हनू नको. सरलं म्हन. माझं लेकरू सरलं. कुनीच म्हनना झालंय गं. तू शिकलेली हायस, तू तरी म्हन."

मी फोन कानाला धरून उभी राहिले. इतकी वर्षं तुला तोंडावर नाही, नाही म्हणणारी मी. त्या म्हणत राहिल्या, "म्हन की एकदा." आणि मला म्हणता आलं नाही.